पायाळूची लाथ

देवळे बाई सतरंजीवर पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या कमरेवर उजवा पाय टेकवून मी उभी होते.

"मार," बाई म्हणाल्या.

"बाई, खरंच मारू?"

"मार म्हणते ना! उसण भरलीय मेली. श्वास घ्यायची सोय नाही. आणि दार लावलंयस ना?"

दार लावलेलं होतं. फटीला माझ्या खोलीतल्या अलकाचा डोळा होता, पण ते मी बाईंना सांगितलं नाही. आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी आम्ही पुस्तकं उघडायचो. अशा बाईला राजरोस लाथ मारायला मिळणं नववीतल्या किती मुलींच्या नशिबात असतं? मी देवाचं नाव घेतलं आणि मारली. बाई "आई गं!" म्हणून कळवळल्या, मग उठून बसल्या, डावीकडे वळून पाहिलं, उजवीकडे वळून पाहिलं.

"गेली गं! इंदू, गुण आहे हो तुझ्या पायाला." त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि बेसनाचा एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

मी पायाळू होते. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. आमच्या भागात पायाळू माणसाबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. त्याची लाथ बसली की कमरेतली उसण पळते, आणि त्याला वीज शोधत येते. पहिल्या गोष्टीसाठी गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्यापुढे पालथी पडलेली मी लहानपणापासून पाहिली. दुसऱ्या गोष्टीसाठी, आभाळ भरून आलं की मला घरात कोंडत. हातातल्या बांगड्या काढून घेत, मागच्या अंधाऱ्या खोलीत घोंगडं पांघरून बसवत आणि बाहेरून कडी लावत. माझा जुळा भाऊ रंगा तेव्हा माळावर म्हशी राखत भिजत असायचा. तो गारा वेचून आणायचा आणि दाराच्या फटीतून एकेक आत सरकवायचा. माझ्या हातात येईपर्यंत त्यांचं निम्मं पाणी झालेलं असायचं. गारा वेचणं म्हणजे काय हे मला चौदा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याचा राग मला अजून येतो.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर तालुक्याच्या गावाबाहेर, माळावरच्या या वसतिगृहात राहायचं, नाहीतर लग्न. मामांनी एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. मुलगा आणि त्याचं किराणा दुकान दोन्ही मी लांबून पाहिलं होतं आणि दोन्ही मला आवडलं नव्हतं.

लाडू पचतो न पचतो तोच परतीचा पाऊस आला. एका संध्याकाळी आम्ही पंगतीला बसलेलो असताना स्वयंपाकघरामागच्या लिंबावर वीज पडली. डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र झालं आणि कानात दडे बसले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, लिंब मात्र शेंड्यापासून बुडापर्यंत सोलला गेला. आणि मग, कोणी कोणाला काही न सांगता, सगळ्या मुली आपापली ताटं उचलून माझ्यापासून लांब सरकल्या. निजायच्या वेळी अलकानंही वळकटी उचलली.

"राग धरू नको इंदे," ती म्हणाली. "नाहीतर माझे दादा मला घरी घेऊन जातील."

दुसऱ्या दिवशी देवळे बाईंनी सगळ्या पालकांना रविवारच्या सभेचे निरोप धाडले. आमच्या घरच्या निरोपात थोडं जास्त होतं: इंदूला न्यायच्या तयारीनंच या. गरज सरो, वैद्य मरो. मी बाईंच्या खोलीसमोरून जाताना त्या मान खाली घालून काहीतरी निवडत बसल्या होत्या. सुपात काही नव्हतं.

त्याच दिवशी शाळेत बिडवे सर उजळणी घेत होते. "पदार्थाच्या अवस्था तीन. स्थायू, द्रव, वायू."

मी हात वर केला. "सर, वीज कशात मोडते?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"कुठली वीज?"

"आभाळातली. ती दगडासारखी नाही, पाण्यासारखी नाही. मग काय, वारा आहे का?"

सरांनी खडू खाली ठेवला. वयानं तरुण होते, अंगानं किडमिडीत, आणि बोलताना कायम चोरून बोलल्यासारखे बोलायचे. पण त्या प्रश्नानं त्यांचा चेहरा उजळला.

"तुमच्या पुस्तकात नाहीये हे. पण सांगतो. बर्फ तापवला की पाणी होतं, पाणी तापवलं की वाफ. आणि वायू तापवतच राहिलो तर? त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, मोकाट धावायला लागतात. ती चौथी अवस्था. तिला प्लाझ्मा म्हणतात. वीज चमकते तेव्हा हवेतली एक चिंचोळी वाट क्षणात इतकी तापते की तिथल्या हवेचा प्लाझ्मा होतो. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त तापते ती."

"सूर्यापेक्षा?"

"आणि सूर्य तरी काय आहे? प्लाझ्माच. सगळे तारे तेच. ध्रुवाकडच्या देशांत रात्री आकाशात हिरवे झगमगते पडदे हलतात, तेही तेच. पृथ्वीवर तो क्वचित भेटतो म्हणून आपण तीन अवस्था घोकतो. बाहेर विश्वात जे जे चमकताना दिसतं, ते बहुतेक सगळं या चौथ्या अवस्थेतलं. तिथं नवलाईचे आहोत ते आपण, दगडामातीचे."

"मग सर, ती माणूस ओळखते का? कोण कसं जन्मलं ते?"

मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसलं. सर हसले नाहीत.

"तिला जमिनीवर यायला सोपी वाट हवी असते, इंदू. उंच झाड, खांब, मोकळ्या माळावर उभा असलेला माणूस. म्हणून विजा होत असताना झाडाखाली थांबू नये. पक्क्या घरात दारं लावून बसावं. तिला बाकी कोणाचं काही ठाऊक नसतं."

मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते. माझे आजोबा रोज सकाळी ज्याला पाणी सोडून हात जोडायचे, त्याच्याच जातकुळीच्या वस्तूला भिऊन मला आयुष्यभर कोंडलं होतं तर! आणि आता तिच्याच नावानं माझी शाळा सुटणार होती. छे, मी मनात म्हटलं. मी नाही जात.

रविवारी दुपारी सभा भरली. वसतिगृहाच्या अंगणात एक जुनी, अवाढव्य चिंच होती. तिच्या सावलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलींना आतल्या खोल्यांत बसवलं होतं. मला मात्र वेगळी जागा मिळाली होती, दिवाणखान्याच्या दारासमोरच्या व्हरांड्याची पायरी. सगळ्यांना दिसावी आणि कोणाला लागू नये अशी. माझी आई मागच्या बाजूला, तोंडाला पदर लावून बसली होती. तिच्या मांडीवर माझी पेटी बांधायला आणलेलं सुंभ होतं. शेजारी रंगा होता, कोणाशीही गप्पा मारायला तयार.

अलकाचे वडील, ज्यांना ती दादा म्हणायची ते निवृत्तीकाका, उभे राहिले. तालुक्यातलं वजनदार माणूस, आवाजही तसाच.

"बाई, वाकड्यात शिरायचं न्हाई मला. पोरगी गुणाची असंल. पण पायाळू उशाला घेऊन कुणी झोपतंय व्हय? आज लिंबावर पडली, उद्या पत्र्यावर पडंल. आमच्या लेकरांचा काय गुन्हा?"

बिडवे सर कोपऱ्यात होते. ते अर्धवट उठले. "पण हे शास्त्राला धरून नाही. वीज जी असते—"

"सर, तुम्हाला लेक हाय का?"

"नाही. लग्न व्हायचंय."

"मग बसा."

सर बसले. त्यांचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी आभाळाकडे पाहिलं. आभाळ पश्चिमेकडून काळंठिक्कर चढत होतं.

बघता बघता वारा सुटला, सतरंज्यांची टोकं उडाली आणि टपोरे थेंब पडायला लागले. माळापलीकडे वीज लवली. माणसं उठली, पण आत येईनात. सगळी चिंचेच्या बुंध्याला खेटून उभी राहिली. आत यायचं दार एकच, आणि त्या दाराशी मी.

"आत या ना!" मी ओरडले. "झाडाखाली थांबू नका!"

"आधी तिला उठवा तिथनं!" निवृत्तीकाका ओरडले.

मी उठून व्हरांड्याच्या पार टोकाला गेले. "घ्या, झाले बाजूला. या आता!"

"व्हरांड्यातच हाय की अजून ती!" कोणीतरी म्हणालं.

"मग कुठं जाऊ?"

"कुठंबी जा!"

पुन्हा लवली. या वेळी गडगडाट लगेच आला, पोटात शिरला. सबंध माळावर त्या चिंचेएवढं उंच दुसरं काही नव्हतं. आणि तिच्या बुडाशी साऱ्या पोरींचे आईबाप, सर, बाई, माझी आई, रंगा, सगळे वीज जणू माझ्याकडेच येणार म्हणून मला टाळून उभे होते. सर एकदोघांना हाताला धरून ओढत होते, पण त्यांचं ऐकतो कोण?

माझं डोकं फिरलं. मला पायाळू म्हणता काय? ठीक आहे.

मी ओढणी कमरेला खोचली आणि सरळ झाडाकडे धावत सुटले.

"आली! आली रे ही!"

पळता भुई थोडी झाली सगळ्यांना. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालतात तशी मी हात पसरून, हुर्र हुर्र करत ती सभा हाकलली. निवृत्तीकाकांची टोपी उडाली, ती उचलायलासुद्धा ते थांबले नाहीत. देवळे बाई कंबर विसरून अशा धावल्या की पोरींनी पुढे महिनाभर नक्कल केली. झाडाला वळसा घालून मी पलीकडच्यांनाही पिटाळलं. आई तेवढी सुंभ छातीशी धरून खांबासारखी उभी होती.

"आये, पळ!"

ती पळाली. तिच्यामागून मी. व्हरांड्याची पायरी चढले, आत शिरले, आणि मागे सगळं जग पांढरं झालं.

आवाजानं मी गुडघ्यांवर पडले. वळून पाहिलं तर चिंचेची एक सबंध फांदी अंगणात आडवी झाली होती, खोड उभं चिरलं होतं आणि भर पावसात सतरंजीचा काठ धुमसत होता. जिथे निवृत्तीकाका टेकून उभे होते, नेमक्या त्या जागेवरून ती चीर खाली गेली होती.

सरांनी दार लावून घेतलं. दिवाणखान्यात सगळे एका भिंतीला चिकटून बसले होते, अंगाला अंग लावून. मधोमध रंगा. स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्यानं तो निवृत्तीकाकांचं डोकं पुसत होता. समोरच्या भिंतीला मी, एकटी, निथळत.

पहिला कंठ फुटला तो काकांनाच. "बघितलं? ती झाडाखाली गेली आन् वीज आली! आता तरी पटलं का?"

समोरच्या माना डोलल्या. मला वाटलं, संपलं. आता पेटी, सुंभ, मामा आणि किराणा दुकान.

तेवढ्यात आई उठली. सगळ्यांच्या देखत खोली ओलांडून माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली,

"इंदे, तू पायाळू न्हाईस."

"काय?"

"तू सरळच आलीस, डोक्यानं. पाय आधी आले रंगाचे. सुईण म्हणली, पोरगं पायाळू हाय. तर तुझी आजी म्हणली, पोराला रानात हिंडायचंय, जनावरं राखायचीत, त्याला कसं कोंडून ठेवायचं? पोरगी काय, घरातच असती. पोरगी पायाळू हाय म्हून सांगा." तिला हुंदका आला. "मी गप राहिले गं माय. आता उठते आन् समद्यांना सांगते. मग न्हाई काढायचे तुला."

मी समोर पाहिलं. रंगा काहीतरी सांगत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं धीर यावा म्हणून त्याला आणखी बिलगत होती. सगळ्या विजा-वादळांतून म्हशींमागे हिंडलेला रंगा. आत्ता मघाशी त्या चिंचेखाली उभा असलेला रंगा. आणि ती अंधारी खोली, ते घोंगडं, ती कडी, ते फटीतून येणारं गारांचं पाणी, सगळं माझ्या वाट्याला. मला त्या क्षणी आईचा इतका संताप आला की तिच्या हातातलं सुंभ हिसकावून तिच्यापुढेच आपटावंसं वाटलं.

ती उठायला लागली. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

सांगितलं असतं तर मी सुटले असते. रंगाला त्या भिंतीपासून उठवून इथे बसवलं असतं, एवढंच. आणि मी राहिले असते ती कशासाठी? तर माझं डोकं आधी आलं म्हणून. पाय आधी आले असते तर मला हाकलणं बरोबरच होतं, असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. ते मला नको होतं.

"आये, गप बस," मी म्हणाले आणि उभी राहिले.

"मी पायाळू आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि मी इथंच राहणार आहे."

"हे बघ पोरी—" काका म्हणाले.

"तुम्ही बघा, काका. वीज मला शोधत येते ना? आज मीच तिला भेटायला गेले होते. झाडाखालून सगळ्यांच्या शेवटी मी निघाले. मग तिनं मला सोडून चिंच का धरली? आणि मी तिथं आले नसते तर तुम्ही कुणी हलला असता का? तुम्ही आत्ता कुठं असता?"

काकांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. टोपी नव्हती.

"तिला उंच काय आहे ते कळतं. कोण पायांनी आलं नि कोण डोक्यानं, ते कळत नाही. सूर्य ज्याचा बनलाय त्याचीच ती असते. विचारा सरांना. सूर्य उगवला म्हणून मला कधी कुणी कोंडलं नाही. मग ही चमकली म्हणून का कोंडता?"

बिडवे सर उठले. या वेळी नीट उठले. "बरोबर बोलतेय ती," ते म्हणाले. "आपण माळाच्या माथ्यावर आहोत. इथं वीज पडणारच. इमारतीवर वीजरोधक बसवायला हवा, त्याच्या मागे मी उद्यापासून लागतो. मुलगी काढून टाकल्यानं झाड बुटकं होत नाही."

"सर, तुम्ही बसा—"

"नाही बसत," सर म्हणाले.

आतल्या दाराचा पडदा हलला. अलका बाहेर आली, हातात माझा टॉवेल. सगळ्यांच्या मधून चालत येऊन ती माझ्याशेजारी बसली आणि माझे केस खसाखसा पुसायला लागली.

"अलके, इकडं ये!"

"न्हाई येत, दादा."

शेवटी सगळे देवळे बाईंकडे पाहू लागले. बाई माझ्या पायांकडे पाहत होत्या. चिखलानं भरले होते ते. बाईंनी घसा साफ केला.

"निवृत्तीराव, तुम्हाला अलकाला न्यायचं असेल तर न्या. इंदू राहील."

त्या वेळी त्यांच्या मनात शास्त्र होतं की कंबर, हे मला आजतागायत कळलेलं नाही. अलकाला कोणी नेलं नाही.

पाऊस थांबल्यावर आई निघाली. सुंभ तसंच गुंडाळून तिनं पिशवीत टाकलं. माझ्या गालावरून हात फिरवायला आली, तर मी मान वळवली. तिच्याशी मी धड बोलले ती पुढच्या उन्हाळ्यात. रंगानं विचारलं, "काय गं, आय कानात काय सांगत होती?"

"तुझ्या लग्नाचं," मी म्हणाले. गडी लाजून लाल झाला.

त्याला खरं सांगितलं ते कितीतरी वर्षांनी, तो माझी प्रयोगशाळा बघायला आला तेव्हा. मी आता तेच काम करते. काचेच्या नळीतली हवा काढून घ्यायची, उरलेल्या विरळ वायूतून वीज सोडायची आणि चौथी अवस्था जांभळी पेटलेली पाहायची. रंगा नळीला नाक लावून बघत असताना मी त्याला सांगितलं. आधी तो खो खो हसला. "म्हणजे गावभरच्या कमरा लाथाडायचा मान माझा होता आन् तू खाल्लास!" मग पुन्हा नळीला नाक लावलं. "तुला कोंडायचे ते मला कधीच आवडलं न्हाई गं," म्हणाला. "गारा म्हून तर आणायचो."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्या नववीतलीच. थंडी पडली आणि देवळे बाईंची उसण पुन्हा भरली. त्यांनी मला बोलावलं. सतरंजीवर पालथ्या पडल्या होत्या.

"दार लाव," म्हणाल्या.

मी दार सताड उघडलं. बाहेर अलका होती, तिच्यामागे आणखी सगळ्याजणी. मी बाईंच्या कमरेवर पाय टेकवला. साधा पाय होता, चारचौघींसारखा, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. गावातल्या त्या साऱ्या म्हाताऱ्या कमरा याच साध्या पायानं बऱ्या झाल्या होत्या, हेही.

"हळू हं," बाई म्हणाल्या.

मी चांगली ठेवून दिली.

बाई कळवळल्या, उठून बसल्या, डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या. "गेली गं!"

"जाणारच," मी म्हणाले, आणि फळीवरचा लाडवांचा डबा स्वतःच्या हातानं खाली काढला.